पंचवीस वर्षांतला एक आठवडा

सुट्टीचं सदस्यत्व विकणाऱ्या कंपनीच्या कार्यक्रमाला कारखान्यातला स्टोअरकीपर बायकोला घेऊन आला, तोच मुळी सही करायचं मनाशी ठरवून. वर्षाला एक आठवडा, सलग पंचवीस वर्षं, डोंगरात नाहीतर समुद्राकाठी. गेल्या अकरा वर्षांत दोघं कुठं म्हणून गेली नव्हती. आता नाही तर कधीच नाही, अशी त्या बिचाऱ्याची खात्री झाली होती.

बायको शाळेत गणित शिकवायची, पण तिचं खरं नाव होतं ते वेळापत्रकासाठी. चौदा वर्ग, एकवीस शिक्षक, प्रयोगशाळा एकच, आणि तरी कुणाचा तास कुणावर आदळेल तर शपथ! मुख्याध्यापकसुद्धा रजा टाकण्याआधी बाईंना विचारून घेत.

टायवाल्या विक्रेत्यानं अल्बम उघडला. "ही बघा मॅडम, तळ्याकाठची खोली. फक्त नऊ महिने आधी आठवडा कळवायचा."

"कोरा कागद आहे?" बाईंनी पर्समधून पेन्सिल काढली.

त्यांनी बावन्न आठवड्यांची घरं आखली आणि डावीकडे घरातली पाच माणसं लिहिली. नवऱ्याची मालमोजणी, स्वतःच्या परीक्षा, मुलाच्या कामाच्या पाळ्या, मुलीचं कॉलेज, सासूबाईंच्या डोळ्यांचे उपचार. फुल्या मारता मारता कागद काळा झाला. स्टोअरकीपरचा चेहराही.

"न वापरलेला आठवडा पुढच्या वर्षी ढकलता येतो," टायवाला घाईनं म्हणाला.

"पुढच्या वर्षी परीक्षा नसतात होय?"

टायवाला कागदावर वाकला. "हा सोळावा बघा. साहेबांची मोजणी अलीकडे घेतली तर?"

"मग मुलाची रात्रपाळी आडवी येते."

"अरेच्चा, खरंच की!" गडी विकायचं विसरून कोडं सोडवायला बसला.

"तुम्ही राहून आलात का त्या तळ्याकाठी?" बाईंनी सहज विचारलं.

"मी?" त्यानं टाय सैल केला. "चार वर्षांत रजाच नाही हो मिळाली. मुलीनं निबंधात लिहिलंय, माझे बाबा सुट्ट्या विकतात, म्हणून आमच्या घरी एकही उरत नाही."

बाईंनी कागद उलटा केला. "किती जण आहात इथं?"

"सात."

"आमच्याकडे बदली तास असतो. एक रजेवर गेला की दुसरा त्याचा वर्ग सांभाळतो, मग पहिला त्याची फेड करतो. सांगा एकेकाच्या अडचणी."

बघता बघता सातही विक्रेते टेबलाभोवती गोळा झाले आणि स्टोअरकीपर सगळ्यांसाठी चहा घेऊन आला. त्यांची गिऱ्हाइकं मोकळी सुटली आणि मुकाट्यानं जिना उतरून गेली. दालन रिकामं दिसताच मॅनेजर तणतणत आला. "काय चाललंय काय इथं?"

"बरं झालं आलात. तुम्हाला कितवा आठवडा देऊ?"

मॅनेजरनं आ वासला. मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "तेविसावा मिळेल?"

स्टोअरकीपरचा ऊर भरून आला. काय बाई आहे! विकायला बसलेल्यांनाच हिनं रजेवर धाडलं. चारचौघांत टाळ्या वाजवाव्यात असं त्याला वाटलं. पण सही राहिली ती राहिलीच, आणि जिन्यावर त्याचं तोंड पार उतरलं.

"जगाची सोय केलीस. आपलं घोडं अडलं ते अडलंच."

"कुणी सांगितलं? पाचांचा मिळून आठवडा निघत नाही. आपल्या दोघांचा निघतो, पुढच्याच महिन्यात. तिसरी ओळ भरायच्या आधीच दिसला होता मला."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"त्याच्यासमोर? पंचवीस वर्षं गळ्यात मारली असती त्यानं. आपल्याला एक आठवडा हवाय, खोली कुठंही मिळेल."

स्टोअरकीपर पायरीवरच थबकला. "पण आईला आणि पोरांना मागं ठेवून जायचं म्हणजे... त्यांना काय वाटेल?"

"मघाशी तुम्ही सगळ्यांना चहा आणायला गेलात, तेव्हा फोन करून विचारलं मी. पोरांनी कसाबसा आनंद लपवला. आई म्हणाल्या, एकच आठवडा? दोन राहा की."