मेजरच्या अंगावरची पलटण

मंजुषाने त्या सकाळी एवढंच ठरवलं होतं, की यशूची नखं कापायची. आठ महिन्यांचं लेकरू, त्याची नखं ती केवढी! पण झोपेत स्वतःच्याच गालावर ओरखडे काढून ठेवायचं. (आपलंच नुकसान आपल्या हाताने करून घ्यायचं, ही सासरची लक्षणं.) म्हणून तिने यशूला मांडीवर घेतलं, मुठीतली बोटं एकेक करून सोडवली, तर तळहातावर एक बी. एरंडाची असते तशी, करडी, टपोरी, चकचकीत. आणि यशूचा हात तोंडाच्या वाटेला लागलेला.

"कुठून उचललंस गं बाई हे?" म्हणत मंजुषाने ती बी चिमटीत धरली.

बीने पाय हलवले.

मंजुषा अशी किंचाळली, की खालच्या रस्त्याने सातपूरच्या कंपन्यांकडे निघालेल्या दोन सायकली थांबल्या. न्हाणीघरातून तिचा नवरा ज्ञानेश तोंडात ब्रश घेऊन धावत आला. त्याला त्या दिवशी सुट्टी होती, म्हणजे घरात जे काही बिघडायचं ते त्याच्यादेखत बिघडणार होतं.

"काय झालं? गॅस?"

"गॅस नाही, तुमचा मेजर! पोरीच्या हातात गोचीड होती. तोंडात घालत होती ती!"

"अगं, तीळबिळ असेल."

"तिळाला पाय असतात? कुठल्या कंपनीचा तीळ तो?"

मेजर म्हणजे ज्ञानेशने देवळाली कॅम्पातून आणलेला पांढरा पामेरियन. ओळखीच्या हवालदाराची आसामला बदली झाली आणि बदलीच्या कागदावर कुत्र्याचं नाव नव्हतं. तेव्हा ज्ञानेश त्याला रेक्झिनच्या पिशवीत घालून घरी घेऊन आला, तोही बायकोला न विचारता. "लष्करात वाढलाय, शिस्तीचा आहे," असं वर ऐकवलं. शिस्त अशी, की मेजर यशूच्या गोधडीवर यशूच्या आधी झोपायचा आणि तिच्या बिस्किटाचा अर्धा वाटा न मागता घ्यायचा. त्याला मराठी अजिबात कळत नसे. मंजुषाला त्याच्यावर ओरडायचं झालं तरी "हट मेजर, चल बाजू हो" असं हिंदीत ओरडावं लागे आणि त्यात रागाची निम्मी धार जाई.

मंजुषा सातवी शिकली होती, पण काळजी करण्यात तिचं एम.ए. झालं होतं. ही गोचीड तोंडात गेली असती तर? कानात शिरली असती तर? लेकराच्या अंगात रक्त ते केवढं, त्यात ही वाटेकरी! तिने यशूला नागडं करून बगला, मांड्या, कानामागची जागा, सगळं तपासलं. काही नव्हतं. मग मेजरला धरलं आणि त्याचे केस मागे सारले, तर मानेपासून शेपटीपर्यंत पलटणच्या पलटण तळ ठोकून बसलेली.

"थांब, सोपं असतं ते," ज्ञानेश म्हणाला आणि त्याने देवापुढची पेटती उदबत्ती उचलली. "चटका दिला की आपोआप सुटते."

सुटला तो मेजर. शेपटीचे केस चरचरले आणि तो पलंगाखाली जाऊन असा बसला, की ज्ञानेशचा अर्धा तास "आजा मेजर, आजा बेटा" करण्यात गेला. घरभर जळक्या केसांचा वास, यशू रडतेय, आणि मंजुषा कमरेवर हात ठेवून उभी.

"झालं? आता तुम्ही काही करू नका. तुम्ही नुसते बसा. बसता येतं ना तुम्हाला?"

यशूला शेजारणीकडे ठेवून दोघं मेजरला घेऊन रिक्षाने जनावरांच्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरांनी चिमट्याने एक गोचीड काढून दाखवली. ज्ञानेश तेवढ्यात बाहेरच्या म्हशीकडे बघत होता. मंजुषाने मात्र शब्दन् शब्द टिपून घेतला. कातडीला अगदी लगटून, गोचिडीच्या तोंडाशी चिमटा धरायचा. सरळ, सावकाश ओढायचं. झटका द्यायचा नाही, पिळायचं नाही. पोट दाबायचं नाही. रॉकेल नाही, तूप नाही, उदबत्ती नाही. (उदबत्ती म्हणताना डॉक्टरांनी मेजरच्या शेपटीकडे पाहिलं आणि मंजुषाने ज्ञानेशकडे.) बोटांनी चिरडायची नाही, स्पिरिटच्या बाटलीत टाकायची, मग जागा पुसून घ्यायची, हात धुवायचे. परतताना रिक्षात ती हे पाढ्यासारखं घोकत होती.

"ऐका," तिने शेवटी बजावलं, "संध्याकाळपर्यंत ह्याच्या अंगावर एक जरी गोचीड राहिली, तर मेजरची बदली. आसामला जाऊ दे नाहीतर आणखी कुठं. माझं लेकरू मी त्याच्या शेजारी ठेवायची नाही."

ज्ञानेशचा चेहरा पडला. मेजरचाही पडला असता, पण धमकी मराठीत होती.

घरी येतात तर दारात सासूबाई. रंगूबाई मखमलाबादच्या मळ्यातून आल्या होत्या, आणि येताना मेथी, कोथिंबीर, शेवंतीची फुलं आणि गॅलरीतल्या तुळशीला घालायला ताज्या शेणाचा मोठा गोळा घेऊन आल्या होत्या. सगळी हकिकत ऐकून त्यांना हसूच आवरेना.

"येवढ्याशा गोचिडीसाठी डागदर? अगं, आमच्या बैलांच्या अंगावरून ओंजळ ओंजळ काढल्यात मी."

"आत्याबाई, हाताने नाही काढायच्या. मी यशूला दूध पाजून येते, मग चिमट्याने काढू. तोवर कुणी हात लावू नका."

"बरं बाई."

रंगूबाईंच्या "बरं बाई"चा अर्थ मंजुषाला लग्नाला तीन वर्षं होऊनही उमगला नव्हता. ती दूध पाजून बाहेर आली, तोवर म्हातारीने मेजरला गुडघ्यांत दाबून निम्मी पलटण उपटली होती आणि एकेक गोचीड त्या शेणाच्या गोळ्यात खुपसली होती. लाडवाला बेदाणा लावावा तशी.

"हे काय केलंत?"

"शेणात घुसमटून मरत्यात. गोळा वाळला का चुलीत टाकायचा. आमच्यात असंच करत्यात."

"आपल्याकडं चूल कुठाय? गॅसवर भाजू? ह्या वळवळताहेत अजून!"

"ओरडू नको गं, तुझं दूध आटंल," असं म्हणून रंगूबाईंनी मेथीची उरलेली जुडी उचलली आणि त्या जावेच्या सुनेला भेटायला निघून गेल्या. सासूवर ओरडायची सोय नसते. मंजुषाच्या घशाशी आलेला सगळा राग म्हणून ज्ञानेशच्या वाट्याला गेला. तो टीव्हीपुढे क्रिकेट बघत होता.

"अहो, गॅलरीत तो शेणाचा वाडगा ठेवलाय. त्याला हात लावायचा नाही. मी यशूला अंघोळ घालून आले की त्याच्यावर रॉकेल ओतून पेटवते. ऐकलं का?"

"हं."

"काय ऐकलं?"

"वाडगा. अंघोळ. गेला, गेला, कॅच गेला!"

मंजुषा न्हाणीघरात गेली. पाण्याच्या आवाजात तिला दारावरची बेल ऐकू आली नाही. अंग पुसून, पावडर लावून ती यशूला घेऊन गॅलरीत आली, तर तुळशीशेजारी नुसता ओला गोल डाग.

"वाडगा कुठाय?"

"कसला? तो होय! मालिनीकाकू आल्या होत्या." ज्ञानेश खुशीत होता. काही न मोडता त्याच्या हातून एक काम झालं होतं. "त्यांच्या आल्हादला एकलहऱ्याला वीज केंद्रात नोकरी लागली ना, त्याचा सत्यनारायण आहे खाली. चौरंगाखाली सारवायला शेण हवं होतं. शहरात कुठं मिळतंय बिचाऱ्यांना? म्हटलं, घेऊन जा सगळंच. शेजारधर्म."

त्यावर मंजुषा जे बोलली, ते पूजेच्या दिवशी लिहिण्यासारखं नाही. एका हातात यशू, दुसऱ्या हातात स्पिरिटची बाटली, दातांत चिमटा, अशी ती जिना उतरली. मागून ज्ञानेश, त्याच्या मागून मेजर.

तळमजल्यावर सुगंध दरवळत होता. केळीच्या खांबांमध्ये चौरंग, समोर सोवळं नेसून आल्हाद बसलेला, आणि बाजूला उघड्या अंगाने खुद्द ढुंढिराज गुरुजी. पंचवटीत यात्रेकरूंचे विधी करून त्यांचा आवाज असा तयार झाला होता, की खोलीत कथा सांगत आणि कोपऱ्यावरच्या पानवाल्याला पुण्य लागे. खोली बायकांनी भरली होती. चौरंगाखालच्या फरशीवर हिरवंगार, सुबक सारवण.

"ये गं मंजुषा," मालिनीकाकू कुजबुजल्या. "तुझं शेण काय छान होतं! फक्त बिया फार निघाल्या. गाय काय खाते तुमची?"

"काकू," मंजुषाने कुजबुजतच सांगितलं, "त्या बिया नाहीत. गोचिडी आहेत."

"अय्या, असं कसं?" काकू म्हणाल्या, आणि त्याच क्षणी चौरंगाच्या पांढऱ्या वस्त्रावर एक बी चालू लागली. तिच्या मागून दुसरी. तिसरी केव्हाच सुपारीच्या गणपतीला प्रदक्षिणा घालत होती.

बायकांमध्ये एकच कल्लोळ उठला. पण उठली मात्र कुणीच नाही. प्रसाद घेतल्याशिवाय कथेतून उठलं तर घरादारावर काय संकट कोसळतं, हे गुरुजींनी जेमतेम पाच मिनिटांपूर्वी सांगून संपवलं होतं. त्यामुळे सगळ्या जणी जागच्या जागी साड्या झटकत होत्या, पाय पोटाशी घेत होत्या, आणि "अगं बाई, माझ्या अंगावर बघ" म्हणत एकमेकींना चिमटे काढत होत्या.

"चिरडू नका!" मंजुषा ओरडली. सकाळपासूनचा सगळा संताप त्या आवाजात होता. "कुणी हाताने मारायची नाही. जिथं आहात तिथं बसा. आल्हादभाऊजी, धोतर झटकू नका, इकडं तिकडं उडतील. अहो, तुम्ही यशूला घ्या आणि जिन्यात उभे राहा. मेजर, बाहर! एकदम बाहर!"

आणि नवल म्हणजे सगळ्यांनी ऐकलं. नवऱ्याने, मेजरने, बारावी झालेल्या आल्हादनेसुद्धा. तिच्या उभ्या आयुष्यात एवढ्या माणसांनी एकदम तिचं ऐकण्याची ही पहिलीच वेळ. तिने चौरंगावरच्या, फरशीवरच्या, एका बाईच्या पदरावरच्या गोचिडी चिमट्याने उचलून बाटलीत टाकल्या. बायका माना उंचावून बघत होत्या.

"माझ्या पाठीवर काहीतरी फिरतंय," गुरुजी डोळे मिटून म्हणाले.

मंजुषा त्यांच्या मागे गेली. खांद्यावर एक चालत होती, ती टिपली. आणि जानव्याच्या जरा खाली ही मोठी, काळपट, टपोरी, अगदी रुतून बसलेली.

"ही बघा," ती सगळ्यांना म्हणाली. आता तिला जरा चढलंच होतं. "ही चावून बसलीय. अशी असली की घाई करायची नाही. उदबत्ती लावायची नाही, ते अडाणीपणाचं काम. (जिन्यात ज्ञानेश खोकला.) कातडीला लगटून धरायचं, आणि सरळ, सावकाश ओढायचं. गुरुजी, हलू नका."

तिने ओढलं. आली नाही.

"घट्ट आहे," ती म्हणाली आणि दात आवळून आणखी ओढलं.

गुरुजींनी जी गर्जना केली, तिच्यापुढे त्यांचे आजवरचे सगळे मंत्र कुजबूज ठरावेत. प्रसाद न घेता उठणारे त्या खोलीतले पहिले गृहस्थ ते ठरले.

"अगं बये, ती चामखीळ आहे माझी! जन्मापासूनची!"

जिन्यातून ज्ञानेशचं हसू ऐकू आलं, मग ते बंद झालं. त्याला संध्याकाळी घरीच राहायचं होतं.

दुपारी मंजुषाने दारं लावून मेजरच्या अंगावरच्या उरलेल्या गोचिडी एकेक करून काढल्या, डॉक्टरांनी सांगितलं अगदी तशा, एकही न चिरडता. त्याला औषधाच्या पाण्याने धुतलं, गोधड्या उकळल्या, मालिनीकाकूंची फरशी स्वतः जाऊन घासून आली, आणि यशूला पुन्हा नखशिखांत तपासलं. लेकरू स्वच्छ होतं. मेजरची बदली तूर्त रद्द झाली, पण गोधडी वेगळी. ज्ञानेश तिला तीनदा "चुकलं" म्हणाला. तिने तिन्ही वेळा ऐकू न आल्यासारखं केलं.

दिवेलागणीला बेल वाजली. "मंजू, तुझ्याकडं कुणीतरी आलंय," ज्ञानेश म्हणाला. तिच्याकडं म्हणून कधीच कुणी येत नसे. तिने पदर नीट केला.

दारात वरच्या मजल्यावरच्या भिमाबाई होत्या. सकाळी पूजेला पहिल्या रांगेत बसलेल्या.

"तुझ्याकडंच काम व्हतं गं. सकाळी लय धीरानं केलंस तू."

मंजुषाचा ऊर भरून आला. त्यांच्याकडे मांजर होतं, त्याला लागल्या असणार गोचिडी. तिने त्यांना खुर्चीवर बसवलं आणि चिमटा कसा धरायचा, झटका का द्यायचा नाही, पोट का दाबायचं नाही, सगळं पहिल्यापासून सांगितलं. भिमाबाईंनी मान डोलावत ऐकून घेतलं. मग त्या पाठमोऱ्या झाल्या, अंबाडा वर धरला आणि मान पुढे केली.

"ह्या दोन हायेत बघ चामखिळी. दागिना अडकतो लेकाचा. काढ."

"अहो भिमाबाई, मी चामखीळ नाही काढत! गुरुजींची पण निघाली नाही!"

"ठाव हाय मला," भिमाबाईंनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. "ते उठले म्हनून राह्यली. मी नाय उठायची."