न कापलेलं तत्त्वज्ञान

मनुष्य तत्त्वज्ञान वाचतो ते सत्य कळावं म्हणून, किंवा आपण वाचलंय हे चार लोकांना कळावं म्हणून. यातला दुसरा हेतू अधिक निःस्वार्थ, कारण त्यात चार लोकांचाही विचार असतो.

पोर्तुगालातल्या कोइंब्रा शहराला हे फार लवकर उमगलं. रेल्वे आली आणि पॅरिसहून खोक्यांतून जर्मन चिद्वाद उतरू लागला (फ्रेंच भाषांतरात. मूळ जर्मन कुणालाच येत नव्हतं, त्यामुळे अर्थाबद्दल वाद होत नसत). चैतन्य आधी, जड वस्तू मागाहून, असं हे दर्शन. वस्तूपेक्षा तिची कल्पना श्रेष्ठ. त्यावरून ओघानेच सिद्ध झालं की पुस्तक वाचण्यापेक्षा ते वाचल्याची कल्पना श्रेष्ठ. वर्षभरात शहरातले वकील झाडून सारे चिद्वादी झाले, डॉक्टर बहुतेक, पाद्री लपूनछपून, आणि एक दंतवैद्य.

अडचण एकच. त्या काळी पुस्तकांची पानं कडेला जोडलेलीच येत. सुरीने कापत कापत वाचायची. कोण कुठवर पोचलाय याची चहाडी पुस्तकच करी.

डॉक्टर तेओतोनियो फाल्कातो चिद्वादाच्या मुख्य ग्रंथात प्रस्तावनेच्या मध्यापर्यंत पोचले होते. तेवढ्या भांडवलावर त्यांनी मोंदेगू तत्त्वचिंतन सभेत हंगामी व्याख्याता म्हणून बारा वर्षं काढली. आता कायमची जागा निघाली होती. ती मिळाली तर मेहुण्याच्या माळ्यावरून सुटका होणार होती. मेहुणा मासळीचा ठोक व्यापारी. रोज जेवताना विचारायचा, "काय दाजी, आज तरी जग आहे ना जागेवर?" दाजी आणखी थोडं सूप वाढून घेत.

निवड समितीचे अध्यक्ष होते दरबारचे मानद सल्लागार गौदेंसियो. विद्वत्ता एवढी की सहसा बोलतच नसत. ते भर सभेत म्हणाले, "डॉक्टर, तुमची प्रत पाठवा बघू. शेवटचं प्रकरण पुन्हा नजरेखालून घालीन म्हणतो. तुमची समासातली टिपणंही बघता येतील."

घरी येऊन डॉक्टरांनी बायकोपुढे सगळं ओकून टाकलं. दोना एउफ्राझिया खारवलेला कॉड मासा कापत बसल्या होत्या. त्यांनी तीच सुरी फडक्याला पुसली आणि म्हणाल्या, "आणा इकडे."

बाई पानं कापत गेल्या, डॉक्टर मागोमाग समासात लिहीत गेले: 'अहाहा', 'असहमत', आणि परिच्छेद फारच लांब असेल तिथे 'पण का?' निम्म्यावर आले तोच चुलीवरचा मासा करपला. बाई धावल्या. तेवढ्यात सल्लागारसाहेबांचा नोकर दारात हजर. मागचं निम्मं पुस्तक जोडलेलंच गेलं.

तो आठवडा डॉक्टरांनी कसा काढला ते त्यांचं त्यांना ठाऊक. त्यात मेहुण्याने वखारीत कारकुनाची जागा देऊ केली, तीही मनापासून. ते जास्त लागलं.

पुढच्या सभेत सल्लागारसाहेब पुस्तक घेऊन उभे राहिले. डोळे टिपत म्हणाले, "शेवटचं प्रकरण! पुन्हा वाचलं, पुन्हा भरून आलं. आणि त्यावरची डॉक्टरांची टिपणं... बास. दुसरा उमेदवार बघायलाच नको."

टाळ्यांच्या कडकडाटात डॉक्टरांनी पुस्तक मागून उघडलं. पानं होती तशीच जोडलेली. क्षणभर त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. या माणसाला घाबरून आपण बारा वर्षं काढली! मग त्यांनी पुस्तक अलगद मिटलं आणि कमरेत वाकून सल्लागारसाहेबांचे आभार मानले.

नव्या घरी सामान लावताना बाईंनी विचारलं, "अहो, उरलेली पानं कापून टाकू का आता?"

"हात लावू नकोस," डॉक्टर म्हणाले. "नोकरी त्याच पानांवर मिळालीय."

पुढे यंत्रं आली आणि पुस्तकं कारखान्यातूनच कापून येऊ लागली. ज्ञानप्रसाराला एवढा हातभार दुसऱ्या कशानेही लागला नसेल. नाहीतर वाचकहो, पाहुण्यांना तुम्ही तुमच्या पुस्तकांच्या कपाटाच्या इतकं जवळ बसवलं असतं का?