केनेलींच्या चिमट्याची पूजा

खंडेनवमीला हत्यारांची पूजा चुकवायची नाही, हे नीलांबरीच्या हाडीमाशी खिळलेलं. नागपुरात ती दातांची डॉक्टर होती. इथे अमेरिकेत, चँडलर गावात, डॉ. फिनेगनांच्या दातांच्या दवाखान्यात असिस्टंट. त्यांचं शिफारसपत्र मिळालं तर इथल्या डेंटल कॉलेजात प्रवेश, नाहीतर जन्मभर दुसऱ्याच्या हाताखाली थुंकी ओढायची नळी धरणं.

पण दवाखान्यातली हत्यारं निर्जंतुक. त्यांना हळदीचं बोट कसं लावणार? म्हणून तिने काचेच्या कपाटातला, कुणाच्याच तोंडात न जाणारा चिमटा निवडला. तो होता दोनशे वर्षांपूर्वीच्या आयर्लंडमधल्या बार्थोलोम्यू केनेलींचा. हा गृहस्थ दात उपटायचा, फिडल वाजवायचा, मधमाश्या पाळायचा आणि उरल्या वेळात धूमकेतू शोधायचा. डॉक्टरांचं ते दैवतच. त्याच संध्याकाळी दवाखान्यात वीस डेंटिस्टांपुढे ते त्याच्यावर व्याख्यान देणार होते.

पूजा झाली. हळद पुसायला गेली, तर हस्तिदंती मूठ पिवळीजर्द!

"देवदत्त, डाग जात नाहीये रे!" तिने नवऱ्याला फोन लावला.

"साबणाने घास ना यार. मी मीटिंगमध्ये आहे."

तिने घासलं. साबण लागताच हळद लालभडक झाली. हळदीचा हा गुण शाळकरी पोरालाही ठाऊक असतो; ऐन वेळी डॉक्टरीणबाईंनाच आठवला नाही. तेवढ्यात पाहुणे आले आणि तिने चिमटा तसाच कपाटात ठेवला.

व्याख्यानात डॉक्टरांनी चिमटा उचलला आणि ते थबकले.

"हे काय... ब्लड! केनेलींच्या पेशंटचं ब्लड!"

मग त्यांना उत्साह आवरेना. पेशंट बिशप होता, त्याला तिघांनी धरून ठेवलं होतं, असं ते रंगवून सांगत सुटले. टाळ्या पडल्या.

"उद्याच लॅबमध्ये पाठवतो!"

धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं नीलांबरीला झालं. "डॉक्टर," ती कशीबशी म्हणाली, "ब्लड नाहीये ते. हळद आहे. मी त्याची पूजा केली. सॉरी."

वीसच्या वीस डेंटिस्ट डॉक्टरांकडे वळून बघू लागले. डॉक्टरांचा चेहरा मुठीपेक्षा लाल झाला. बिशपचं काय, हे कुणी विचारलं नाही एवढीच मेहेरबानी.

सगळे गेल्यावर डॉक्टरांनी हळूच विचारलं, "हा सण दर वर्षी येतो?"

"हो." तिची मान वर होईना. "साधारण ऑक्टोबरात."

दुसऱ्या दिवशी शिफारसपत्र टेबलावर तयार होतं. तिच्या प्रामाणिकपणाची त्यात तोंडभर स्तुती होती. वाचताना ती ओळीओळीला शरमेने अर्धी होत गेली. शेवटचं वाक्य मात्र डॉक्टरांनी हाताने लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या:

"हिला पुढच्या ऑक्टोबरच्या आत प्रवेश द्यावा, ही कळकळीची विनंती."