बेशुद्ध पडण्याची माझी योजना

जाहिरात करावी तर माझ्यासारखीने! आमच्या बेटावरच्या शाळेची आरोग्य शाखा मी एकटी वाचवणार होते, तीही जमिनीवर आडवी पडून.

झालं असं, की गावाला शाळा दाखवायच्या खुल्या दिवशी दहावीची मुलं शाखा निवडायला आली आणि गुळाला मुंगळे लागावेत तशी विद्युत शाखेच्या यंत्रमानवाला चिकटली. आमच्या टेबलावर गरम वाफल, तपकिरी चीज आणि शुकशुकाट! मुलं मिळाली नाहीत तर शाखा बंद, आणि मी रोज पहाटेच्या बोटीने पलीकडच्या गावी शिकायला!

आणि आमचे शिक्षक कसले भारी! गुडवाइग आधी रुग्णवाहिका-बोटीवर होत्या, भर वादळात रुग्ण आणायच्या. ओदरुन सुईण, अर्धं बेट त्यांच्या हातांत पहिल्यांदा रडलंय. तुरलाइफ मनोरुग्णालयात परिचारक होते. पण तिघंही निमूट वाफल भाजत बसलेले.

"अहो, काहीतरी करून दाखवा ना!"

"काय दाखवू? कुणी आजारी तरी आहे का?" म्हणत गुडवाइग दूध आणायला गेल्या.

कुणी नाही? मी यंत्रमानवासमोर गेले, "आई गं, पोट!" म्हणून किंचाळले आणि धाडकन पडले. बेशुद्ध!

आधी ओदरुन धावल्या. पोटावर हात ठेवून म्हणाल्या, "कळ थांबून थांबून येते का गं?"

"कळा?" मागे बेकरीवाल्या सुलवोरबाई चीत्कारल्या. "अगं बाई! या वयात?"

सगळं सभागृह कुजबुजलं. मी खुलासा काय करणार? बेशुद्ध होते ना!

मग तुरलाइफ शेजारी फरशीवर बसले. "घाई नाही, बाळ. वाटेल तेव्हा बोल. मी इथेच आहे." आणि इतके मायेने गप्प राहिले, की मला रडूच फुटलं. बेशुद्ध आणि हुंदके!

इतक्यात गुडवाइगचा आवाज घुमला. "बाजूला व्हा! तू दार धर. तू ब्लँकेट आण. सुलवोर, तू तोंड मिट!" दहावीची पोरं सैनिकांसारखी पळाली. आणि माझ्या कानाशी, कचकच! कात्री!

"कापू नका!" मी ताडकन उठले. "मावशीने विणलाय हो स्वेटर!"

पण स्वेटर गळ्यापर्यंत उघडला होता. सगळे माझ्याभोवती. फक्त यंत्रमानव रिकाम्या कोपऱ्याला सलाम ठोकत होता.

"सोंग आहे, ते आल्याआल्याच कळलं," गुडवाइग म्हणाल्या. "पापण्या फडफडत होत्या."

"मग कापला कशाला?"

"सोंग करणाऱ्यालाही कधी खरंच काही झालेलं असतं, पोरी. आधी तपासायचं, मग रागवायचं."

आणि मग त्या रागावल्या. अशा रागावल्या, की फळ्यावरचा खडूसुद्धा सरळ उभा राहिला असता!

दार धरणाऱ्या पोराने हळूच विचारलं, "तुम्ही हे सगळं शिकवता?"

तिघांनी एकदम माना डोलावल्या. आमच्या टेबलापुढे रांग लागली, वाफल संपले, आणि शाखा वाचली!

माझ्या कामगिरीची कदरही झाली. पुढच्या वर्षी सगळ्या प्रात्यक्षिकांत रुग्ण मीच. मुख्य भूमिका!

संवाद मात्र एकही नाही.