असंच जाऊन येतो

"असंच म्हंजे?" अंबाबाईनं नवऱ्याला, रघुनाथरावांना विचारलं.

"असंच म्हंजे असंच. सौंसरपर्यंत जाऊन येतो."

"कोणाकडं?"

"कोणाकडंच नाई."

"कोणी बिमार हाय काय?"

"नाई व माय, सारे ठणठणीत हायेत."

"मंग जाता कायले?"

या प्रश्नाला अख्ख्या पांढुर्ण्यात उत्तर नाही. माणूस गावाला जातो तो लग्नाला, मयतीला, नाहीतर कोर्टाच्या तारखेला. यातलं काहीच नसताना एखादा सत्तरीचा माणूस पिशवी घेऊन बसस्टँडकडे निघाला, तर त्याचं काहीतरी बिनसलं आहे असं समजायचं. रघुनाथरावांच्या मुलानं, राजूनं, तसंच समजून दुसऱ्या दिवशी बापाला उपाशीपोटी नेऊन शुगर तपासून आणली. शुगर नॉर्मल निघाली. त्यामुळे घरच्यांची काळजी आणखीच वाढली.

आता खरं सांगायचं तर रघुनाथरावांना एकट्यानं फिरायची जुनी खोड होती. जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर त्यांनी तीस वर्षं काढली, आणि त्या तीस वर्षांत घराच्या वतीनं लग्नाबारशाला हजेरी लावायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. लोक म्हणायचे, "काय माणूस हाय! एक लगन सोडत नाई." पण त्यांना लग्नाशी काय कर्तव्य होतं? त्यांना बसची खिडकी हवी असायची. आरशामागे पत्रिका खोचलेल्या असायच्या आणि रविवारी दाढी करताना ते त्यातून आपला मुक्काम निवडायचे.

त्या निवडीचंही एक शास्त्र होतं. सख्ख्या नात्यातलं लग्न नको, तिथे हातात वरणाची बादली येते. अगदी लांबचंही नको, तिथे कोणी पाणीसुद्धा विचारत नाही. मधली ओळख बरी. गाव असं हवं की सकाळची गाडी मिळावी, दोनपर्यंत जेवण उरकावं आणि परत येताना दोन तास आपले आपण मोकळे असावं. मग कुठे स्टँडवर आलुबोंडा खायचा, कुठे झाडाखाली पाय पसरायचे. काय दिवस होते ते! बोरगाव, मोहगाव, मुलताई, सारा मुलूख त्यांनी दुसऱ्यांच्या अक्षतांवर पाहिला.

पुढे राजूनं गाडी घेतली आणि सगळ्यावर पाणी पडलं. आता घरातली पाचही माणसं काचा बंद करून, एसी लावून लग्नाला जातात. नातवाला तीनदा उतरवायचं, हॉलवर जेवायचं आणि तासाभरात परत. पत्रिकाही मोबाइलवर येते. ती आरशामागे कशी खोचणार?

एप्रिलच्या शेवटी जुनी पेटी आवरताना रघुनाथरावांच्या हाती एक पिवळी पडलेली पत्रिका लागली. रामाकोन्याच्या नत्थूजीची मुलगी उर्मिला हिचा शुभविवाह, शनिवार, दि. १० मे. त्यांनी सहज भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. यंदाही दहा मेला शनिवारच होता! अकरा वर्षांनी वार आणि तारीख बरोबर जुळून आले होते. अडचण होती ती फक्त छापलेल्या सालाची. त्यांनी देवघरातून हळदकुंकवाचं ओलं बोट आणलं आणि नेमकं सालावर टेकवलं. पत्रिका जास्तच मंगल दिसायला लागली.

"नत्थूजीची पोरगी?" अंबाबाई म्हणाली. "तिचं तर झालं होतं ना?"

"थे मोठीचं झालं. हे लहानीचं." नत्थूजीला लहानी मुलगी नव्हतीच, पण ते कोण जाऊन बघतंय?

"मंग गाडीनं जाऊ न सारे," राजू म्हणाला.

"त्या दिवशी तुले सासुरवाडीले जाचं हाय. मी एकटाच हजेरी लावून येतो."

बेत साधा होता. रामाकोन्याला जायचंच नव्हतं. बसनं सौंसरकडे निघायचं, वाटेत जामसांवलीला उतरून मारुतीचं दर्शन घ्यायचं, झाडाखाली दोन तास कोणाशी न बोलता बसायचं आणि संध्याकाळी परत यायचं. त्या एका दिवसासाठी त्यांचा जीव तीळतीळ तुटत होता.

पण दहा तारखेला सकाळी अंबाबाईनं आहेराची पिशवी हातात दिली. आत मोरपंखी साडी आणि शर्टाचं कापड होतं. सून अश्विनी म्हणाली, "मामाजी, नवरा-नवरीसंग फोटो काढून ग्रुपवर टाकजा बरं!" आणि दारात शेजारचा मधुकर मोटरसायकल घेऊन उभा होता.

"काका, बसा. काकीनं सांगतलं मले. मी रामाकोन्यालेच मोटारपंप पाहाले जाऊन राहिलो. तुमाले थेट मंडपात उतरवतो."

"अरे, तू कायले तकलीफ घेतं? मी जातो न बसनं."

"तकलीफ कायची? या उन्हात तुमाले बसनं धाडलं तर काकी मले शिव्या देतीन."

अशी बसची खिडकी गेली. जामसांवली आलं तेव्हा रघुनाथरावांनी मधुकरच्या पाठीवर थाप मारली. "थांब रे जरा, दर्शन घेतो."

"इथूनच हात जोडा काका! मुहूर्त चुकला म्हंजे?"

सौंसरच्या स्टँडवर त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. "इथं सोड. मले आलुबोंडा खावा वाटते."

"लग्नाच्या घरी जाऊन राहिले अन् आलुबोंडा खाता? बुंदी खा, बुंदी!" मधुकरनं गाडी थांबवलीच नाही.

रामाकोन्यात मंडपही नव्हता आणि बँडही नव्हता. मधुकर बुचकळ्यात पडला. त्यानं पानटपरीवर विचारलं, "भाऊ, नत्थूजीच्या इथी लगन हाय ना?" टपरीवाला म्हणाला, "नत्थूजीच्या इथी? कोणाचं?" तरीही मधुकरनं गाडी नत्थूजीच्या दारापर्यंत नेली, "पाव्हणे आले हो!" अशी आरोळी ठोकली आणि त्याला घाई असल्यामुळे पंप पाहायला निघून गेला. देवानं शेजारी द्यावा, पण इतका चांगला देऊ नये.

नत्थूजी बनियनवर ओसरीत बाज विणत बसला होता. दोरी तशीच हातात धरून तो उठला. एकेकाळी जिनिंगच्या काट्यावर हे दोघं जोडीनं उभे असत, गाड्या लावायचं काम नत्थूजीचं आणि वजन बोलायचं रघुनाथरावांचं. दुपारचा डबा एकच असायचा, म्हणजे घरून दोन यायचे पण खायचे एकत्र. आणि अकरा वर्षांत दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

नत्थूजीनं आधी पाहुण्याकडे, मग पिशवीकडे पाहिलं. मग पिशवीतून डोकावणारी पत्रिका काढून घेतली, चष्मा लावला आणि बोटानं हळद खरवडली.

"आज आला, बे?" तो म्हणाला.

रघुनाथरावांनी घाईघाईनं पिशवी पुढे केली. "नत्थू, त्याचं असं झालं..."

"पंगत थांबवली होती तुयासाठी. लोक म्हणत, वाढा. मी म्हणो, रघू येते. पाऊण तास थांबवली. व्याही बोलले मले. अन् तू आला नाई."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. अकरा वर्षांपूर्वीही रघुनाथराव याच लग्नाला निघाले होते. नत्थूजी म्हणजे सख्ख्यापेक्षा सख्खा, तिथे वरणाची बादली चुकणार नव्हती. म्हणून जरा पाय मोकळे करायला ते जामसांवलीला उतरले, झाडाखाली टेकले आणि डोळा लागला तो थेट चार वाजता उघडला. त्या तोंडानं कुठे जायचं? आहेर देवळाबाहेरच्या एका म्हातारीला देऊन ते घरी आले आणि लग्न झकास झालं असं सांगितलं. नत्थूजी नंतर कधी भेटला नाही, तेव्हा तोच आपल्याला विसरला असं त्यांनी ठरवून टाकलं. ते सोपं होतं.

"झोपलो होतो, नत्थू," ते म्हणाले. "झाडाखाली. आजबी तुयाकडं येत नव्हतो. थे मधुकर घेऊन आला." माणूस साठ-सत्तर वर्षं जगतो, पण एकच डबा खाणारे सोबती त्याला असे किती मिळतात?

नत्थूजीनं चष्मा काढला. मग त्याला जे हसू आलं ते आवरेना. "झोपला? मी अकरा वर्षं डोकं खाजवून राहिलो का याचा असा कोणता मानपान चुकला माया हातून! अन् हा लेकाचा झोपला होता!" त्यानं हातातली दोरी टाकली आणि रघुनाथरावांना मिठीच मारली.

आतून उर्मिला आली. शाळेच्या सुट्ट्या म्हणून ती लेकरं घेऊन माहेरी आली होती. पिशवीतली साडी पाहून तिचे डोळे भरून आले. "काका, आज आमच्या लग्नाची तारीख हाय. लेकरायच्या बाबालेबी याद नाई राहिली, सकाळपासून फोन नाई. तुमाले राहिली!" रघुनाथरावांनी जमिनीकडे पाहिलं. इतकी शरम त्यांना आयुष्यात वाटली नव्हती.

साडी लगेच नेसली गेली. तेवढ्यात रघुनाथरावांचा मोबाइल वाजला. अश्विनीचा मेसेज होता, 'मामाजी, फोटो?' उर्मिलाच्या नऊ वर्षांच्या मुलीनं तो वाचला, फोटो काढला आणि कोणाला न विचारता ग्रुपवर टाकूनही दिला. फोटोत मोरपंखी साडीतली उर्मिला होती, कडेला तिचा लहान मुलगा, आणि मागे बनियनवर नत्थूजी.

मिनिटभरात अश्विनीनं विचारलं, 'नवरदेव कोठी हाय? अन् हे लेकरू कोणाचं?'

मुलगी प्रामाणिक होती. तिनं आवाज भरून पाठवला, "थो माया भाऊ हाय. आमी दोघंबी नवरीचेच हावोत."

आणि मग अंबाबाईचा फोन आला.

"अजी, कोणाच्या लग्नाले गेले तुमी?"

रघुनाथरावांनी सगळं सांगितलं. आजचं सांगितलं, अकरा वर्षांपूर्वीचं सांगितलं.

"जेवून घ्या, अन् घरी या," एवढंच ती म्हणाली.

परतीच्या बसमध्ये त्यांना खिडकी मिळाली, पण त्यांचं बाहेर लक्ष नव्हतं. काय काय बोलणी खावी लागतील याची ते मनात उजळणी करत होते. घरी पोचले तर अंबाबाईनं ताट वाढलं, समोर बसली आणि शांतपणे म्हणाली, "एक सांगा. काय असते हो थ्या एकट्यानं जाण्यात?"

त्यांनी सांगायचा प्रयत्न केला. गाडी चालू झाली की वारा लागतो. कोणी काही विचारत नाही. आपण कोणाचे बाप नाही, कोणाचे मामाजी नाही. दोन तास नुसतं आपलं असतं.

"पंचेचाळीस वर्षं झाले मले या घरी येऊन," अंबाबाई म्हणाली. "माहेरी जाचं तरी भाऊ न्याले येत होता, अन् तुमी आणाले येत होते. एकटी मी चक्कीपलीकडं नाई गेली." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. रघुनाथरावांनी हातातला घास परत ताटात ठेवला. आपण इतकी गावं पाहिली, तेव्हा घर कोण सांभाळत होतं हे त्यांच्या मनात आजवर आलंच नव्हतं.

"येत्या शनिवारी मी जातो," ती म्हणाली.

"कोठी?"

"पाहीन."

"कोणाकडं?"

"कोणाकडंच नाई."

"मंग कायले जातं?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"असंच," अंबाबाई म्हणाली.

शनिवारी सकाळी ते तिला स्टँडवर सोडायला गेले. आपलं शास्त्र तिला समजावून सांगायचं त्यांनी ठरवलं होतं. गाव किती लांब असावं, परतीची गाडी कोणती, ऊन कोणत्या बाजूला येतं. पण तिनं एकाही गाडीचा बोर्ड वाचला नाही. जिच्यात खिडकीची जागा रिकामी दिसली तिच्यात ती चढली.

"कोठी जाचं, बाई?" कंडक्टरनं विचारलं.

"गाडी कोठवर जाते?"

"मुलताई."

"मंग मुलताईच द्या."

रघुनाथराव खिडकीखाली धावले. "अव, पण वापस कधी येशीन? अन् दुपारी जेवाले काय करू? अन् दूधवाला आला तर भांडं कोणतं देऊ?"

अंबाबाईनं त्यांच्याकडे मायेनं पाहिलं, आणि काच सरकवून घेतली.