बाळाचे नाव : निरंक

आधीच सांगून टाकतो, चूक माझी नव्हती. (हे वाक्य वाचून बायको हसणार आहे. हसू दे.) तेहतीस वर्षं मी सरकारी कचेरीत कारकुनी केली, पण फॉर्ममधला रकाना मोकळा सोडला म्हणून कुणी माझ्याकडं बोट दाखवलेलं नाही. माहिती असली तर लिहायची. सांगण्यासारखं काही नसलं तर 'निरंक'. प्रश्नच आपल्याला लागत नसला तर 'लागू नाही'. तेच परत विचारलं तर 'वरीलप्रमाणे'. आणि फारच खोलात शिरले तर 'सोबत यादी जोडली आहे'. एवढ्यावर अख्खा जिल्हा चालतो. मग एका दीडदमडीच्या ॲपला एवढं कळू नये?

पहिल्यापासून सांगतो, म्हणजे तुम्हालाही संताप येईल.

माझी लेक ऋतुजा पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडं, सोलापुरात शुक्रवार पेठेत आली. मुलगी झाली. बारसं आमच्याच घरी ठरलं. व्याही माळशिरसचे, ऊसवाले, वजनदार माणसं. विहीणबाई विजयमालाताई तर इतक्या मानाच्या, की चहात साखर कमी पडली तरी तो घराण्याचा अपमान धरतात. त्यांची मुलगी संस्कृती, म्हणजे बाळाची आत्या, नाव ठेवायला येणार होती. नाव काय, ते तिला एकटीला ठाऊक. आत्यानं बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगायचं, की मागच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्क्या घालायच्या, ही आपली रीत. तोवर नाव फुटता कामा नये.

राहिला पाळणा. आमच्या घरात पाळणा म्हणायचा तो माझ्या थोरल्या बहिणीनं, केमच्या बजाआक्कानं. माझ्या बारशाला ती बारा वर्षांची होती. तेव्हापासून घरात पोर झालं, की पाळण्याची दोरी आक्काच्या हातात. पण आक्का आता सत्तरीला टेकली. आवाज फाटलाय. शिवाय तिला एक खोड आहे. पाळणा म्हणता म्हणता समोर बसलेली माणसं ती त्यात ओवते. मागं भावकीतल्या एका बारशाला तिनं एका पाहुण्याचं पोट असं काही गायलं, की तो गडी ताटावरून उठला. आणि आमच्या विहीणबाईंचं नाक जरा... जाऊ द्या. (हे माळशिरसला कुणी कळवू नये.)

ही धास्ती मी कचेरीत शिवलिंगप्पापाशी बोललो. शेजारच्या टेबलावरचा, अक्कलकोटकडचा माणूस, नवं ते सगळं त्याला आधी कळतं.

"एवढंच की हो!" तो म्हणाला. "'गोडगळा' म्हणून ॲप आहे, ते घ्या. एआय आहे त्यात. घरची माहिती भरली की तुमच्याच नातीचा, तुमच्याच माणसांचा पाळणा तयार करून देतंय. असा पाळणा जगात दुसऱ्या कुणाकडं नसणार."

दुसऱ्या कुणाकडं नसणार, हे मात्र खरं निघालं.

मी आक्काला फोन लावला.

"आक्का, या खेपेला पाळण्याचा त्रास तुला नको. मोबाइलवर करून घेतोय."

"मोबाइलवर? म्हननार कोन?"

"कुणी नाही. आपोआप."

पलीकडं भांडं आदळलं.

"म्हंजी मी येऊ नगं का?"

"ये की! यायचंच. फक्त बसायचं, जेवायचं."

"बसायला माज्या घरात जागा हाय, जोतिराम," म्हणाली आणि फोन ठेवला.

वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, चांगलं वाईट वाटलं. माझी बायको वैजयंती तर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ज्या बाईनं तुम्हाला कडेवर वाढवलं, तिला नुसतं बसायला सांगता? माणूस आहात की कोण!" त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी भाजीपुरतंच बोलली. पण मला विहीणबाईंचं नाक आठवायचं आणि मी पुन्हा घट्ट व्हायचो.

दुपारच्या सुट्टीत ॲपचा फॉर्म उघडला. काय ते प्रश्न! प्रत्येकापुढं लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय सुटका नाही. पहिलाच प्रश्न 'बाळाचे नाव'. आता नाव तर आत्याच्या पोटात! हात सवयीनं चालला : निरंक. 'आईचे गाव' : सोलापूर. 'आजोळ' : वरीलप्रमाणे. 'बाळाचा आवडता रंग'. अहो, आठ दिवसांच्या पोरीचा? लागू नाही. 'बाळाच्या प्रेमाची माणसे' : सोबत यादी जोडली आहे. (यादी जोडायची सोय नव्हती. पण लिहायची पद्धत आहे.)

नमुना म्हणून वीस सेकंद ऐकायला मिळालं. त्यात नुसती सनई होती. सनई झकास होती. मी समाधानानं डबा उघडला.

बारशाच्या दिवशी आक्का केमहून सकाळच्या गाडीनं आली. हातशिलाईचं दुपटं आणलं होतं. बाळाला मांडीवर घेतलं, त्याचं तोंड न्याहाळत बसली, मग ऋतुजाकडं देऊन कोपऱ्यात ज्वारीच्या पत्र्याच्या पिंपापाशी जाऊन टेकली. येणारी जाणारी विचारायची, "आक्का, पाळण्यापाशी या की." ती म्हणायची, "न्हाय बया, मला नुसतं बसायला सांगितलंय." असं तिनं निदान सात जणींना सांगितलं. दर वेळी माझ्याकडं बघून.

दुपारी घर भरलं. घुगऱ्या शिजल्या, पाळणा सजला. विहीणबाई खुर्चीवर, संस्कृती चहाचा कप घेऊन पाळण्यापाशी. मी स्टुलावर स्पीकर ठेवला, घसा साफ करून "हा पाळणा जगात एकमेव आहे" असं छोटंसं भाषण केलं आणि मोबाइलवर बोट दाबलं. सनई झाली. मग पाकात बुडवून काढल्यासारखा एका बाईचा आवाज सुरू झाला.

"निरंक माझी सोनुली गं, निरंक माझी बाळी,
सोलापूरची राणी गं, वरीलप्रमाणे आजोळी..."

"नाव फुटलं! नाव फुटलं!" मागून कुणीतरी किंचाळलं, आणि रीतीप्रमाणं पोरींनी संस्कृतीच्या पाठीत बुक्क्या घालायला सुरुवात केली.

"अगं, मी नाही! मी अजून काही बोललेच नाही!" ती ओरडतेय. चहा साडीवर.

"निरंक? नव्या फॅशनचं दिसतंय."

"शंकराचं नाव असंल."

"न्हाय गं, बंगाली असतंय तसलं."

विहीणबाई खुर्चीतून उठल्या. "म्हणजे नाव आजोबांनीच ठेवलं म्हणायचं. मग आमच्या पोरीला माळशिरसहून कशाला बोलावलं? बुक्क्या खायला?"

"अहो ताई, ते नाव नाही! ते निरंक आहे!"

"तेच म्हणतोय आम्ही. निरंक!"

गाणं आपलं चालूच. "आवडता तिचा रंग गं, लागू नाही, लागू नाही, सोबत जोडली यादी गं..." बाळ दचकून उठलं आणि टाहो फोडला. आता या ॲपची एक खास सोय ऐका. बाळ रडतंय हे त्याला आपोआप कळतं, मग ते आवाज वाढवतं आणि बाळ झोपेपर्यंत थांबत नाही. म्हणजे गाण्यानं पोर रडणार आणि पोर रडलं म्हणून गाणं वाढणार. ही अक्कल कुणाची? मला तो माणूस एकदा भेटवा.

मी 'बंद करा' दाबलं. तर वर आलं, 'बंद करण्यापूर्वी कृपया पाच प्रश्नांची उत्तरे द्या.' मी द्यायला लागलो.

"अहो, बंद करा ते!" वैजयंती.

"करतोय. तिसऱ्या प्रश्नावर आहे."

"फॉर्म भरताय? आत्ता?"

"लाल चांदणी आहे गं त्याच्यापुढं!"

तेवढ्यात आक्का उठली. कुणाशी काही बोलली नाही. स्टुलावरचा स्पीकर उचलला, कॉटवरच्या चादरीत गुंडाळला, पिंपाचं झाकण काढून ज्वारीत दडपला, झाकण लावलं आणि वर बसली. आतून बारीक आवाज येत होता, वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे.

"मला नुसतं बसायलाच सांगितलंय की," आक्का म्हणाली.

पण पोर काही थांबेना. ऋतुजाच्याही डोळ्यांत पाणी. विहीणबाई पदर खोचून चपला शोधायला लागल्या. बाराव्या दिवशीच माझ्या लेकीच्या सासरची माणसं नाव न ठेवता उठून जाणार, हे मला स्वच्छ दिसलं.

"बजाआत्या, तू म्हण ना गं," ऋतुजा म्हणाली.

आक्कानं माझ्याकडं बघितलं. "ज्यानं मला गप बसीवलंय, त्यानं सांगू दे."

तीस बायकांसमोर मी म्हणालो, "आक्का, चुकलो. म्हण की."

"मोठ्यानं बोल. मला ऐकू कमी येतंय." (हिला मुंगी चाललेली ऐकू येते.)

"चुकलो!"

तेव्हा ती उठली. पाळण्याची दोरी हातात घेतली आणि माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, "निरंक म्हंजी रं काय?"

"काही नाही, आक्का. मोकळं. शून्य."

"आसं व्हय," म्हणाली आणि सूर लावला.

आवाज फाटकाच होता. मधेच खोकली, एक ओळ विसरली, ती शेजारणीनं पुरवली. पण दुसऱ्या कडव्याला पोर रडायचं थांबलं आणि डोळे फिरवून आवाज कुठून येतोय ते शोधायला लागलं. हाच आवाज मीही असाच शोधला असेल, असं मनात आलं. तेवढ्यात आक्कानं विहीणबाईंकडं मान वळवली. मी डोळे मिटून घेतले.

"माळशिरसची आजी आली, ऊस जसा ताट गं,
नाक तिचं नातीला, कसला बाई थाट गं!"

सगळ्या बायका पाळण्यावर वाकल्या. खरंच की! तेच नाक! बारा दिवस आम्ही त्या पोरीला बघत होतो, कुणाला दिसलं नव्हतं. आक्काला अर्ध्या तासात दिसलं. विहीणबाईंनी आधी स्वतःच्या नाकाला हात लावला, मग बाळाच्या. मग चपलांचा नाद सोडून परत बसल्या. "मी पहिल्या दिवसापासून म्हणतेय," म्हणाल्या, "पण आमचं कोण ऐकतंय?"

"आत्या आली मानाची, लई लाजून ऱ्हायली गं,
नाव न्हाय सांगितलं, आदीच बुक्की खाल्ली गं!"

हसून हसून बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. संस्कृतीही हसली, पाळण्यात वाकली, कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं, दाक्षायणी. तिला पुन्हा बुक्क्या बसल्या, या खेपेला रीतसर. बाळ झोपलं. आक्कानं घरातल्या एकूण एक माणसाला ओवलं, फक्त माझं नाव घेतलं नाही. सुटलो, म्हटलं.

इतक्यात माझा मोबाइल वाजला. काय आलं असेल? 'अभिनंदन! गोडगळाच्या पाळण्याने निरंक शांत झोपली.' अरे, तू ज्वारीत होतास! चादरीत गुंडाळून ज्वारीत होतास, वर माझी बहीण बसली होती आणि श्रेय कुणाचं घेतोस? मी तिथल्या तिथं तक्रार टाकली. उत्तर आलं, 'आम्ही आपली भावना समजू शकतो, निरंकचे आजोबा.' नंतर दर महिन्याला येतंय. निरंक एक महिन्याची झाली. निरंक दोन महिन्यांची झाली. मी सात वेळा तक्रार केली, सात वेळा त्यांनी माझी भावना समजून घेतली.

नात माळशिरसला गेली. आता तिथं ती दुपारची झोपत नाही, तर विहीणबाई स्वतः केमला फोन लावतात आणि आक्का फोनवर पाळणा म्हणते. मी एकदा म्हटलं, "आक्का, रेकॉर्ड करून ठेवू का? रोजचा त्रास वाचेल."

"मी काय डब्यातली हाय व्हय?" ती भडकली. "पोरगी रोज येगळी दिसती. काल नाक चोंदलं व्हतं, आज पोट दुकतंय. पाळनाबी रोज येगळा लागतोय तिला. तू गप बस."

काल त्या फोनला आमच्या घरातून मी आणि वैजयंतीही जोडलेले होतो. दाक्षायणी आता तीन महिन्यांची, विहीणबाईंच्या मांडीवर हुंकार देत होती. विहीणबाई, ऋतुजा, संस्कृती सगळ्या तिथं जमलेल्या. आक्कानं सूर लावला.

"आजोबानं फॉर्म भरला, रकाना न् रकाना ठळक गं,
डोक्यापाशी येऊन थांबला, तितं लिवलं निरंक गं!"

पोरगी खळखळून हसली. तिच्या जन्मातलं पहिलं आवाजी हसू, असं ऋतुजा म्हणाली. विहीणबाई तर इतक्या हसल्या की त्यांच्या हातातला फोन पडला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तेहतीस वर्षांची नोकरी, एक मेमो नाही, आणि हे?

"आक्का, हे काय चालवलंयस?" मी गरजलो.

"खोटं हाय का त्यात काय? आसलं तर सांग की. तुजं काय म्हननं हाय?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात वैजयंतीनं माझ्या हातातला फोन काढून घेतला.

"आक्का, तुम्ही म्हणा पुढचं," ती म्हणाली. "त्यांचं म्हणणं लागू नाही."