दोनशे चाळीस पिसांचा झगा

चिकटवायच्या टेपच्या बाबतीत मला कुणी काही शिकवू नये, असं माझं प्रामाणिक मत होतं. एकतीस वर्षं मी हार्लन फोर्ड गावात घरं तापवायची आणि निववायची यंत्रं आणि त्यांचे डक्ट, म्हणजे हवेचे पत्र्याचे नळ, बसवतोय. अर्ध्या ओहायोतल्या तळघरांत मी पोटावर सरपटलेलो आहे. माझ्या व्हॅनमध्ये एक वेळ स्टेपनी नसेल, पण टेपची सात रिळं असतात. त्यामुळे माझी मुलगी ब्रिन जेव्हा म्हणाली, "बाबा, मी प्रॉमला डक्ट टेपचा ड्रेस घालणार आहे," तेव्हा मला वाटलं, एवढी वर्षं आपण जे जगलो त्याचं चीज करायला देवानं ही पोर दिली.

ब्रिन शाळेच्या शेवटच्या वर्षाला, आणि प्रॉम म्हणजे या पोरांचा नटूनथटून करायचा निरोपाचा नाच. टेप बनवणारी एक कंपनी दरवर्षी स्पर्धा घेते. जोडीनं टेपचे कपडे स्वतः बनवायचे, ते घालून प्रॉमला जायचं, फोटो आणि अर्ज पाठवायचा. पहिला नंबर आला तर कॉलेजच्या फीची बरीचशी सोय होते. ब्रिन जानेवारीपासून वहीत चित्रं काढत होती. निळा-पांढरा, गुडघ्यापर्यंतचा साधा ड्रेस. आणि त्याला खिसा.

"खिसा कशाला?" मी विचारलं.

"प्रॉमच्या ड्रेसला कधीच खिसा नसतो. मला हवाय."

मी हसलो. पण ढवळाढवळ केली नाही, हे नमूद करून ठेवतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मी अगदी आदर्श बाप होतो.

मग मला सुपरमार्केटमध्ये मिसेस ऑप्डाइक भेटल्या. या बाई प्रॉमच्या पालक समितीच्या अध्यक्ष. गावात कुठेही चार खुर्च्या मांडल्या की त्यातली मधली यांची. माझ्या ढकलगाडीतली कणसं निरखत त्या म्हणाल्या, "ऐकलं, तुमची ब्रिन यंदा टेप गुंडाळून येणार? किती काटकसरी बाई ही मुलगी. आमच्या मॅडिसनसाठी मात्र ड्रेस शिकागोहून मागवावा लागला. काय करणार, तिला साधं काही शोभतच नाही."

मी कणसं तिथंच सोडली आणि घरी आलो.

रविवारी ब्रिन आईस्क्रीमच्या दुकानातलं काम आटपून आली, तेव्हा गॅरेजच्या टेबलावर तिच्या चित्रावर माझं चित्र ठेवलेलं होतं. मोर. मानेमागे उभी, पंख्यासारखी कॉलर. खाली सहा फूट लांब पिसारा. दोनशे चाळीस पिसं, प्रत्येकावर डोळा.

तिनं कॉलरवर बोट ठेवलं. "बाबा, ही कॉलर उभी कशी राहणार?"

"आतून पत्रा."

"पत्रा?"

"डक्टचाच आहे. पातळ असतो. शिलाई मशीनवाल्यांना हे सुचणार नाही."

"आणि मला बसता येईल?"

"मोर कधी खुर्चीवर बसलेला पाहिलास?"

"माझा खिसा कुठेय?"

मी म्हणालो, मोराला खिसा नसतो. ती म्हणाली, "ठीक आहे." त्या 'ठीक आहे'त बरंच काही होतं, पण मी तेव्हा कात्रीनं पत्रा कापत होतो, त्यामुळे मला ते नीट ऐकू आलं नाही.

माझी बायको नॉरीन जनावरांच्या दवाखान्यात काम करते. ती दारात उभी राहून म्हणाली, "व्हर्न, प्रॉम कुणाचा आहे?"

"ब्रिनचा."

"मग मोर कुणाचा आहे?"

मी तिला सांगितलं की कलेतलं तिला कळत नाही.

ब्रिनबरोबर जाणार होता थॅड. हा मुलगा बँडमध्ये ट्यूबा वाजवतो, सव्वासहा फूट उंच आहे आणि वर्षातून साधारण अकरा वाक्यं बोलतो. त्याचा टेपचा कोट ब्रिननं एकटीनं बनवला. प्रत्येक पट्टीला मागून दुसरी पट्टी लावून गोंद आत बंद केलेला, शिवणी सरळ, बटणंसुद्धा टेपची. तिनं मला सांगितलंही होतं की पिसं अशीच दुहेरी करायची. पहिली दीडशे मी तशीच केली. मग वेळ कमी पडायला लागला. उरलेल्या नव्वदांना मी मागून दुहेरी टेपऐवजी केकच्या साच्यात घालतात तो मेणकागद लावला. दिसायला अगदी सारखी. कोण उलटून बघणार होतं?

आता इथं एक कबुली द्यायला हवी. आमच्या धंद्यात कुणीही डक्टला डक्ट टेप लावत नाही. उष्णता लागली की तिचा गोंद पातळ होतो आणि सुटतो. एकतीस वर्षं मी गिऱ्हाइकांना हेच सांगून त्यांना डक्टचं काम नव्यानं करून देत आलोय. हे ज्ञान माझ्या डोक्यात होतं. पण मोर काढताना डोक्यातली ती खोली मी बहुधा भाड्यानं दिली होती.

प्रॉमच्या दिवशी मेच्या मानानं भलतंच ऊन पडलं. झग्यात ब्रिनला वाकता येत नव्हतं, त्यामुळे तिला गाडीत बसवणं शक्य नव्हतं. तिला माझ्या कामाच्या व्हॅनमध्ये मागे उभी केली आणि फ्रिज नेताना धरतात तसं थॅडनं एका बाजूनं धरलं. व्हॅनचा एसी तीन वर्षं बंद आहे. गिऱ्हाइकांची यंत्रं आधी करावी लागतात.

आमच्याकडे नाचाआधी जोड्यांची मिरवणूक असते. जिममध्ये, म्हणजे शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये, पायऱ्यांवर अख्खं गाव बसतं, मुख्याध्यापक माईकवर नावं वाचतात आणि पोरं कमानीखालून चालत येतात. शाळेच्या दाराशी आलो तर रांग लागलेली. मॅडिसन ऑप्डाइक घोडागाडीतून आली होती आणि घोडा ऐन दारात अडून उभा राहिला होता. पंचवीस मिनिटं आम्ही उन्हात पत्र्याच्या डब्यात शिजत होतो.

"बाबा," मागून आवाज आला, "पाठीवरून काहीतरी ओघळतंय."

"घाम असेल."

"घाम चिकट असतो का?"

मी रेडिओ लावला.

जिममध्ये मी नॉरीनशेजारी पहिल्या पायरीवर बसलो. घड्याळात सहा वाजले होते, माझ्या आयुष्यातले सर्वांत रुबाबदार सहा. मग दारात ब्रिन दिसली आणि लोकांनी खरंच 'आहा' केलं. उन्हाच्या तिरिपेत तो पिसारा काय दिसत होता म्हणून सांगू. त्याच वेळी पहिला मेणकागद घसरून जमिनीवर पडला. मग दुसरा. चार पावलांत तिच्या मागे कागदांची वाट तयार झाली आणि नव्वद पिसं उघड्या गोंदासकट फरशीवरून पुढे सरकू लागली.

मुख्याध्यापक वाचू लागले. माहितीचं कार्ड मीच लिहून दिलं होतं. "झगा परिधान केला आहे ब्रिन स्टुट्झकी हिने. संकल्पना, रचना आणि निर्मिती, व्हर्लिन स्टुट्झकी. स्टुट्झकी हीटिंग अँड कूलिंग. एकतीस वर्षांचा अनुभव, पाहणी मोफत."

ब्रिन थांबली. तिनं मान वळवली नाही, कॉलरच्या पत्र्यामुळे ती वळतच नव्हती. सबंध वळून तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या त्या चार महिन्यांच्या वहीचा उल्लेख कार्डावर कुठेच नव्हता, हे मला पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे बघून कळलं. त्याआधी खरंच लक्षात आलं नव्हतं, आणि ही काही माझी सबब नाही.

पण विचार करायला वेळ नव्हता. पिसाऱ्यानं तोवर तीन कार्यक्रमपत्रिका, एक रुमाल आणि कुणाचं तरी गुलाबाचं फूल गोळा केलं होतं. गोंद थंड झाला तर घट्ट होईल, असं म्हणून मी उभा राहिलो. जिमची यंत्रं सांभाळणारा डेलबर्ट समोरच्या भिंतीपाशी, बटणांच्या पेटीजवळ उभा होता. मी त्याला दोन्ही हातांनी खूण केली, वाढव, वाढव. म्हणजे थंडावा वाढव. डेलबर्ट मला मानतो. एवढ्या उन्हात हा माणूस तापमान वाढवायला का सांगतोय, असा प्रश्न त्याला पडला असणारच. पण व्हर्न सांगतोय म्हणजे काहीतरी शास्त्र असेल, असं म्हणून त्यानं हीटर पूर्ण सोडला.

दोन मिनिटांत जिमची भट्टी झाली. डुगडुगणाऱ्या ब्रिनला सावरायला थॅडनं तिच्या पाठीला हात लावला आणि हात तिथंच राहिला. सोडवायला गेला तर दुसराही गेला. मग ती दोघं तीन पायांच्या शर्यतीसारखे चालत कमानीशी पोचले. कमान सॅटिनच्या फितींची आणि फुग्यांची होती, आणि तिचं एक टोक मिसेस ऑप्डाइक शोभेनं हातात धरून उभ्या होत्या. पिसाऱ्यानं फीत पकडली. फितीमागे फुगे आले. फुग्यांमागे मिसेस ऑप्डाइक आल्या, कारण त्यांची शाल तोवर त्या नव्वदांतल्या एकेचाळिसाव्या पिसाला लागली होती.

"व्हर्लिन," त्या चालता चालता म्हणाल्या, "हे थांबवा."

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. माझ्यामागचे एक आजोबा म्हणाले, "शेवटी अध्यक्षबाईंना ओढत न्यायची कल्पना झकास आहे. यंदा कार्यक्रमाला जरा अर्थ आला."

ती वरात तशीच मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीत शिरली. नॉरीन पर्समधून कात्री काढत मागोमाग गेली. कुत्र्यांच्या पायांची प्लास्टरं कापायची कात्री, टोक बोथट. मी आत जाऊ लागलो, तर तिनं दार माझ्या नाकावर लावलं.

आधी मिसेस ऑप्डाइक बाहेर आल्या, शाल आतच सोडून. त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मला तेवढ्यापुरतं बरं वाटलं. मग बराच वेळ फक्त कात्रीचा आवाज.

मी दारावर टकटक केलं. "ब्रिन?"

"काय?"

"मेणकागद मी लावला. नव्वद पिसांना."

"माहितीये. चिकटलाय मला."

"आणि कार्डाचं..." माणसाला एकतीस वर्षं फक्त यंत्रांशी बोलायची सवय असते. "तो ड्रेस तुझा होता. मी घेतला. आणि वर त्याच्यावर माझ्या दुकानाची पाटी लावली."

आतून ती म्हणाली, "पाहणी मोफत." आणि नॉरीन हसली. आधी ती, मग ब्रिन. त्या दोघी माझ्यावर किती वेळ हसल्या ते मी मोजलं नाही. ते हसू ऐकून मला इतकं हायसं वाटलं की मी त्या दाराला पाठ टेकून खालीच बसलो.

"बाबा, तेल आण," आतून हुकूम आला. "थॅडचे हात सुटत नाहीयेत."

शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे तळायच्या तेलाचा डबा मिळाला. झगा कापून ब्रिनला वेगळी केली, पण दोन मोठे तुकडे थॅडच्या हातांवरच राहिले. ते सोडवायचं काम माझ्याकडे आलं. चाळीस मिनिटं बाकावर बसून मी त्या मुलाच्या मनगटांवर तेल चोळत होतो आणि केसाकेसानं टेप सोडवत होतो. शेवटी तो म्हणाला, "सर, एक सांगू?"

"सांग."

"ब्रिननं केलेला कोट अजून शाबूत आहे."

वर्षातल्या अकरा वाक्यांतलं एक त्यानं यासाठी खर्च केलं. मी म्हणालो, "दिसतंय बाबा मला."

ब्रिन बाहेर आली ती खेळाच्या तासाची चड्डी आणि शाळेचा टीशर्ट घालून, अनवाणी, केसांत अजून एक डोळा चिकटलेला. मी डोळा काढायला हात पुढे केला. ती मागे सरकली आणि तो तिनंच काढला. मग थॅडचा तेलकट हात धरून नाचायला गेली. डेलबर्टनं तोवर सगळी दारं उघडली होती. ती दोघं शेवटच्या गाण्यापर्यंत नाचली. मी बाहेर व्हॅनशी थांबलो. आत यायला मला कुणी मनाई केली नव्हती, पण बोलावलंही नव्हतं.

स्पर्धेचा अर्ज तिनं पाठवला. झग्याचा चांगला फोटो एकही नव्हता, म्हणून नॉरीननं कपडे बदलायच्या खोलीत काढलेला लावला. त्यात थॅडचा कोट नीट दिसतो, ब्रिन अर्धी मोर आणि अर्धी टीशर्ट आहे, आणि दोघं तोंड फाडून हसतायत. नंबर काही लागला नाही. उत्तेजनार्थ सहा रिळं आली, ती नॉरीननं कुलपात ठेवलीत.

तो अर्ज पाकिटात घालताना मी वाचला होता. वाचायचं कारण नव्हतं, तरी वाचला. सातवा प्रश्न होता, कपडे बनवताना आलेली सर्वांत मोठी अडचण कोणती? तिथं ब्रिननं सुबक अक्षरात एकच शब्द लिहिला होता: 'वडील.' त्याखाली होतं, ही अडचण तुम्ही कशी दूर केली? तिथं लिहिलं होतं: 'कात्रीनं.'

पाकिटाला तिकीट चिकटवायचं काम तिनं मला दिलं. ते नीट चिकटतंय ना, हे नॉरीन शेजारी उभी राहून बघत होती.